झाकण बसतंय की नाही, हे झाकणालाच सांगू द्या

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा, दोघंही शाळेत न जाता घरीच शिकतात. आई आठवड्यातून दोन दिवस हस्तकलेसाठी राखून ठेवते, व्हिडिओ बघून साहित्य जमवते, पण अर्ध्या तासात मुलं उठून जातात आणि उरलेली वस्तू आईच पूर्ण करते. मुलगी हल्ली ‘मला नाही जमत’ म्हणून सुरुवातच करत नाही. धाकट्याला फक्त गोंद ओतायचा असतो. बक्षीस लावून बघावं का, यातून अभ्यास खरंच किती होतो, नोंद काय ठेवायची आणि पसाऱ्याचं काय करायचं, हेही त्यांनी विचारलं आहे.

घरी शिकणाऱ्या मुलांबरोबर मी बरीच वर्षं पुठ्ठा, लाकूड, माती आणि सुतावर काम करते आहे. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे ‘शेवटी मीच पूर्ण करते’. बाकीच्या बहुतेक तक्रारी त्याच्याच पोटातून निघालेल्या आहेत.

तुम्ही मुलांकडून करून घेताय त्या बहुतेक शोभेच्या वस्तू आहेत. शोभेची वस्तू ‘झाली’ हे कोण ठरवणार? व्हिडिओतल्या नमुन्याशी जुळली की झाली, आणि जुळतेय की नाही हे तुम्ही ठरवता. मुलाच्या वाट्याला ठरवण्यासारखं काहीच येत नाही. मग दर दोन मिनिटांनी त्याचे डोळे हातातल्या कामावरून उठून तुमच्या चेहऱ्याकडे जातात, आणि तिथे पुरेसं कौतुक दिसलं नाही की पाय दाराकडे वळतात. माझं सांगणं एवढंच आहे की काम असं निवडा, ज्यात जमलं की नाही हे ती वस्तूच सांगेल. पूल वजन पेलतो किंवा कोसळतो. झाकण बसतं किंवा अडतं. बाहुलीचा हात हलतो किंवा लटकून राहतो. इथे तुमच्या ‘वा, छान!’ची गरज पडत नाही, आणि तुमच्या ‘असं नाही, तसं कर’चीही नाही.

ही कल्पना माझी नव्हे. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांमध्ये दट्ट्यांची पेटी असते: लाकडी ठोकळ्यात १० खाचा आणि त्यात बरोबर बसणारे १० दट्टे. एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक दट्ट्या आणि एक खाच अशी उरते की त्यांचं काही केल्या जुळत नाही. शिक्षकाला तोंड उघडावं लागत नाही. मोठ्या मुलांच्या प्रकल्पांना हाच नियम लावायचा.

एका मुलीचं उदाहरण सांगते, वय तुमच्या मुलीएवढंच. तिला रंगखडूंसाठी झाकणाचं खोकं करायचं होतं. जुन्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घेतला, बाहेरून १५ सेंटिमीटर लांबीचं खोकं नीट तयार केलं. मग झाकण. खोकं १५ चं, म्हणून झाकणही १५ चं मापलं, कडा दुमडल्या, कोपरे चिकटवले. झाकण खोक्यावर टेकलं, पण खाली जाईना. तिने दाबून बघितलं, एक कोपरा चेपला. ‘मी बरोबर मोजलं होतं,’ ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मी गप्प बसले. (या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच, आणि ते कुठल्याच व्हिडिओत शिकवत नाहीत.) थोड्या वेळाने तिने झाकण उलटं केलं आणि पट्टी आतल्या बाजूला लावली. आतून माप कमी येत होतं. पुठ्ठ्याची जाडी!

आता जाडी किती? पट्टीवर ती कधी ३ मिलिमीटर दिसे, कधी जरा जास्त. मी तिला एवढंच विचारलं, ‘एकाची मोजता येत नाही, तर पुष्कळांची येईल का?’ तिने कापून उरलेले १० तुकडे एकावर एक ठेवून, न दाबता मोजले. ३१ मिलिमीटर. म्हणजे एकाची जाडी ३.१. दोन्ही बाजूंच्या मिळून ६.२, वर सरकायला थोडी ढिलाई. दशांश अपूर्णांक तिने वहीत आधी केले होते, पण त्यांची गरज पहिल्यांदा इथे पडली. नवं झाकण आतली हवा बाहेर ढकलत सावकाश खाली उतरलं. तिने ते कितीतरी वेळा काढलं आणि घातलं. मला दाखवायला ती आलीच नाही. तिला कुणाला विचारायचंच नव्हतं.

आता एक खुलासा, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. ‘गप्प बसा’ म्हणजे काहीच शिकवू नका असं नव्हे. घरी शिकवणाऱ्या पुष्कळ पालकांना वाटतं की हात धरून काही दाखवलं तर मुलाची सर्जनशीलता मरेल. मग मूल बोथट कात्रीने जाड पुठ्ठा चावत बसतं आणि वैतागतं. तंत्र सरळ शिकवायचं, नीट दाखवायचं, करून घ्यायचं. पन्हळी पुठ्ठ्याची घडी पन्हळीच्या दिशेने सहज पडते, आडवी घालायला गेलं की पुठ्ठा चुरगळतो. म्हणून आधी पट्टीच्या आधाराने संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढायची आणि मग दुमडायचं. हे कुठल्याही मुलाने स्वतः शोधून काढावं अशी अपेक्षा ठेवण्यात काही अर्थ नाही. मातीच्या दोन भागांचा जोड सुटू नये म्हणून दोन्हीकडे ओरखडे काढून मध्ये पाण्यात कालवलेली पातळ माती लावायची, हेही तसंच. तंत्र तुमचं, वस्तू मुलाची. व्हिडिओ आणि तयार संच तंत्र शिकायला उत्तम आहेत. टाका कसा घालायचा, गाठ कशी मारायची ते तिथे बघा, आणि तो नमुना तिथेच सोडून द्या.

मुलीचं ‘नाही जमत’ मला काळजीचं वाटत नाही, पण ते दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यात साधारण ९ वर्षांच्या सुमारास मूल वास्तवाकडे वळतं. चित्रातला घोडा घोड्यासारखा दिसावा असं त्याला वाटू लागतं. नजर हाताच्या पुढे धावते. ५ वर्षांच्या भावाला आपला घोडा घोडाच वाटतो, बहिणीला आपल्या घोड्याचे पाय खुपतात. अशा वेळी ‘छानच आहे की गं’ म्हटलं तर तिला वाटतं की आईला एक तर दिसत नाही किंवा आई खोटं बोलते आहे. या वयाला कागदावरच्या दिसण्यापेक्षा चालणाऱ्या वस्तू फार मानवतात. खोक्याचं झाकण खोक्यासारखं दिसावं लागत नाही, बसावं लागतं. चित्र सोडवू नका, पण काही महिने भार बांधण्यावर, जोडण्यावर, शिवण्यावर ठेवा. आणि चित्रातही तिला खरोखर जे हवंय ते द्या: घोड्याच्या पायाचे सांधे कुठे वाकतात ते बघून काढायला शिकवा. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ‘मनाला येईल ते काढ’ याचा धाक वाटतो आणि ‘हे असं बघ’ याचा आधार.

सुरुवात कशाने करायची म्हणाल तर मी शिवलेल्या वहीने करते. ती लगेच वापरात येते आणि पुढच्या सगळ्या प्रकल्पांच्या नोंदी तिच्यातच होतात. ए-फोर आकाराचे ५ ताव एकत्र अर्धे दुमडले की २० पानांची वही होते. पाचही ताव एकदम दुमडण्यापेक्षा प्रत्येक वेगळा दुमडून मग एकात एक घालावा, घडी धारदार येते. घडीवर चमच्याची पाठ घासायची. हे काम ५ वर्षांचं मूल जीव ओतून करतं. मग वही उघडी करून, खाली पुठ्ठा ठेवून, घडीच्या रेघेवर टोच्याने तीन भोकं पाडायची: एक मधोमध, दोन वर-खाली कडेपासून चार-चार सेंटिमीटर आत. दोरा वहीच्या उंचीच्या अडीचपट. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतून मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्याच्यावर गाठ मारायची. दोरा ओढताना घडीच्या दिशेने ओढा. पानाच्या दिशेने ओढला की कागद फाटतो, आणि पहिल्या वहीत तो फाटतोच.

वही मिटली की मुलीला दिसेल की आतली पानं बाहेरच्या पानांपेक्षा थोडी पुढे डोकावतात. का? हा प्रश्न तिला पडू द्या. खोक्याच्या जाडीचंच हे भावंड आहे, प्रत्येक तावाला आतल्या तावांना वळसा घालावा लागतो. पानं जास्त घेतली तर डोकावणं वाढतं. म्हणूनच जाड पुस्तकं एका घडीची नसतात, छोट्या छोट्या घड्या शिवून त्यांचा गठ्ठा करतात. जुन्या शिवण बांधणीच्या पुस्तकाचा कणा वरून बघायला द्या, तिला ते एका नजरेत कळेल.

कागदाचे पूल सगळ्यांनाच माहीत असतात, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. दोन पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये २० सेंटिमीटर अंतर, त्यावर एकच ताव, आणि त्याने वजन पेलायचं. एक युक्ती मात्र सांगून ठेवते. नेहमीचा ८० ग्रॅमचा ए-फोर ताव बरोबर ५ ग्रॅम भरतो, कारण ८० ग्रॅम हे एका चौरस मीटरचं वजन आणि ए-फोर हा त्याचा सोळावा भाग. म्हणजे वजनकाटा नसला तरी २० ताव गुंडाळून रबर लावलं की १०० ग्रॅमचं माप हातात आलं. सपाट ताव स्वतःच्याच भाराने खाली झोळतो, पंख्यासारख्या चुण्या घातलेला ताव वजन पेलतो, आणि वजन वाढवत गेलं की चुण्या फाकून तो बसतो. आता चुण्या फाकू नयेत म्हणून काय करायचं? बहुतेक मुलं शेवटी चुण्यांच्या वर आणि खाली एकेक सपाट कागद चिकटवतात. मग त्यांना पुठ्ठ्याच्या खोक्याची कापलेली कड दाखवा. त्यांनी जे शोधलं तेच तिथे आहे. तो क्षण मुलाआधी स्वतः बोलून वाया घालवू नका.

दोघं एकत्र काय करतील, हा तुमचा खरा अवघड प्रश्न आहे. बहुतेक घरांत थोरलीला खरं काम मिळतं आणि धाकट्याला त्याच कामाची सोपी नक्कल. त्याला ते लगेच कळतं, म्हणूनच तो गोंद ओततो. त्याला नक्कल देऊ नका, ज्याच्यावाचून काम अडेल असं वेगळं काम द्या. यासाठी सावल्यांच्या खेळाइतका चांगला प्रकल्प मला दुसरा सापडलेला नाही, आणि तो महिनाभर पुरतो.

एका मोठ्या खोक्याचा तळ कापून चौकट करा, तिच्यावर पातळ पांढरा कागद किंवा जुनी पांढरी चादर ताणून बसवा. बाहुल्या पातळ पुठ्ठ्याच्या, काठीला बांधलेल्या. मागून एकच दिवा. दिवा धाकट्याच्या हातात द्यायचा, आणि यात तो मदतनीस नसतो, अर्धं नाटक त्याच्याच मुठीत असतं. बाहुली पडद्याला चिकटून असेल तर सावली बाहुलीएवढी आणि रेखीव. बाहुली दिव्याकडे नेली की सावली मोठी होते. दिवा पडद्यापासून २ मीटरवर आणि बाहुली बरोबर मध्ये असेल तर सावली दुप्पट. मुलं हे राक्षस मोठा करता करता शोधतात. मोजायला तुम्ही नंतर बसा. मग तक्रार येईल की राक्षस मोठा होतो पण धूसर दिसतो. इथे दिवे बदलून बघायला लावा. फोनचा टॉर्च लहान ठिपक्यातून प्रकाश देतो, म्हणून सावलीची कड धारदार राहते. मोठ्या गोळ्याचा दिवा लावला की कडा विरघळतात, कारण त्या दिव्याच्या प्रत्येक भागाची सावली जरा वेगळ्या जागी पडते. ५ वर्षांच्या मुलाला हे स्पष्टीकरण नको असतं, पण ‘धुक्यासाठी मोठा दिवा, भांडणासाठी छोटा’ असा नियम तो स्वतः बनवतो आणि कुणाला मोडू देत नाही.

मुलीसाठी यात सांध्यांचं काम आहे. बाहुलीचा हात हलवायचा तर दंड आणि धड वेगवेगळे कापून एकमेकांवर पुरेसे चढवावे लागतात. दोन्ही तुकडे नेमके कडेला कडा लावून कापले तर भोक पाडायला जागाच राहत नाही, आणि पहिली बाहुली बहुतेकदा अशीच होते. भोकातून जाड दोरा ओवून दोन्ही बाजूंना गाठ. गाठ घट्ट झाली तर हात हलत नाही, सैल झाली तर लोंबतो. मधली गाठ सापडेपर्यंत दोन-तीनदा सोडावी लागते. त्यातच संवाद येतात, ते लिहून काढणं येतं. नाटक बसवायचं म्हटलं की ज्या मुलीला निबंध नको असतो ती पानंच्या पानं लिहिते, कारण उद्या भाऊ विचारणार असतो की आता राक्षस काय बोलतो. धाकट्याला लिहिता येत नसेल तर तो सांगेल, ती लिहील. तिच्या शुद्धलेखनाला त्या दिवशी हात लावू नका.

अगदी वेगळ्या चालीचं काम हवं असेल तर पुठ्ठ्याचा माग करा. वरखाली खाचा पाडून उभे धागे ताणायचे आणि आडवा धागा एका आड एक घालत जायचा. एकच इशारा: आडवा धागा सरळ ओढून घट्ट केला की विणकामाची कंबर आत जाते. प्रत्येक ओळ कमानीसारखी सैल टाकून मग खाली दाबावी. काही मुलं यात तासन्‌तास रमतात, काही चार ओळींनंतर उठतात. दोन्ही ठीक.

बक्षिसाबद्दल माझं मत पक्कं आहे: नको. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्र काढायला आधीपासून आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल, काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं आपणहून चित्र काढायला इतरांपेक्षा बरीच कमी बसत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांत तशी घट दिसली नाही. तेव्हा एखाद्या दिवशी खूश होऊन काही दिलंत तर बिघडत नाही, पण ‘पूर्ण केलंस तर’ ही अट लावू नका. वाटल्यास कौतुकाऐवजी वस्तू वापरा. वहीत खरंच लिहा, खोक्यात खरंच काहीतरी ठेवा. स्वीडनमध्ये नेस इथे ओटो सालोमन यांनी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तकामाच्या शिक्षणाची जी पद्धत घडवली, तिच्यात मुलं सोप्याकडून अवघडाकडे जात घरात वापरता येतील अशाच वस्तू करत. ते उगाच नव्हतं.

हत्यारांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. बोथट हत्यार सुरक्षित असतं हा गैरसमज आहे. ते जोर लावायला लावतं आणि जोर लावलेला हात निसटतो. लहान करवत मुलीला द्यायला हरकत नाही, पण लाकूड टेबलाला शिकंज्याने आवळून, आणि दोन्ही हात करवतीच्या मुठीवर. दोन्ही हात मुठीवर असले की पात्याखाली बोट येणार कुठून? खिळे ठोकताना डोळ्यांना चष्मा. कटर या वयात तुमच्या देखरेखीखालीच, लोखंडी पट्टीला लावून, आणि पट्टी धरलेली बोटं कापण्याच्या रेघेपासून लांब. गरम गोंदाच्या बंदुका दोन प्रकारच्या येतात, कमी तापमानाची साधारण १२० अंश सेल्सिअसला चालते, जास्तीची १९० च्या आसपास. कमीची घ्या, तरी ती धाकट्याच्या हातात देऊ नका; १२० अंशांनाही त्वचा भाजते. आणि ५ वर्षांचं मूल घरात असताना दोन वस्तू कुलुपात: बटणासारखे सपाट सेल आणि छोटे शक्तिशाली चुंबक. सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात. यातलं काही गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा.

अभ्यास किती होतो? तुम्ही मध्ये मध्ये घुसून वसूल केलात तर कमी. प्रकल्प सुरू असताना ‘मग आता याचं क्षेत्रफळ किती?’ असा प्रश्न आला की मुलाला कळतं की हा तर वेश बदललेला तास आहे. गणित कामाला हवं असेल तेव्हा ते स्वतः दार वाजवतं, जसं त्या पुठ्ठ्याच्या जाडीत वाजलं. तोवर थांबा. नोंद मात्र जरूर ठेवा, विशेषतः जिथे घरच्या शिक्षणाचा आढावा अधिकाऱ्यांपुढे ठेवावा लागतो तिथे. माझी पद्धत: प्रत्येक प्रकल्पाचे तीन फोटो, तारखेसह. पहिला आराखड्याचा, दुसरा अडलं तेव्हाचा, तिसरा शेवटचा. दुसरा सगळ्यात मोलाचा, आणि तोच काढायचं सगळे विसरतात. खाली मुलाच्या शब्दांत एक वाक्य: काय अडलं आणि काय बदललं. विषयांची नावं तुम्ही रात्री एकट्या बसून लिहा: मापन, दशांश, प्रकाश, संवादलेखन. मुलाला ती दाखवायची गरज नाही.

पसाऱ्याचं उत्तर कमी साहित्य हे आहे. दहा रंगांचे कागद, मणी, पिसं, टिकल्या असं सगळं समोर मांडलं की मूल निवडण्यातच थकतं आणि शेवटी सगळं एकावर एक चिकटवतं. एका वेळी पुठ्ठा, दोरा, गोंद, बस्स. चमकी घरात आणूच नका. ती एकदा शिरली की बिऱ्हाड बदलेपर्यंत सोबत करते. गोंद धाकट्याला बाटलीतून देऊ नका, बाटलीच्या झाकणात थोडा काढून ब्रशसह द्या. ओतायची हौस असेल तर ती पाण्याने आणि मातीने भागवा, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा आणि त्या दिवशी त्याच्याकडून वस्तूची अपेक्षा ठेवू नका. मातीतली बोटं हेच त्याचं त्या दिवसाचं काम.

घरच्या शिक्षणाचा मोठा फायदा तुम्ही अजून वापरलेलाच नाही. शाळेत तास संपला की टेबल रिकामं करावं लागतं. तुमच्याकडे घंटा नाही. अर्धं काम तसंच मांडून ठेवता येतं. दोघांना एकेक प्लायवूडची फळी द्या, साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरची. काम नेहमी तिच्यावरच करायचं. कंटाळा आला की फळी उचलून पलंगाखाली सरकवायची, साहित्य तिच्यावरच राहू द्यायचं. मग अर्ध्या तासात उठणं हे अपयश राहत नाही. ५ वर्षांच्या मुलाने २० मिनिटं मन लावून काम केलं तर ते भरपूर आहे, आणि तो उद्या तिथूनच पुढे सुरू करतो. आठवड्याचे दोन ठरावीक दिवस सोडून द्या आणि रोज फळी ओढायची मुभा द्या. खोक्याचा गोंद सुकेपर्यंत तरी थांबावंच लागतं, आणि काम उद्यावर ठेवायची सवय त्यातूनच लागते.

राहिलं अर्धवट सोडलेल्या कामाचं. तुम्ही पूर्ण करू नका, हे मी वरच सांगितलं. पण ते कायमचं पलंगाखाली धूळही खात राहू नये. फळीला दोन-तीन आठवडे हात लागला नाही की मुलाला शांतपणे विचारा: पुढे करायचं, बदलायचं की मोडायचं? तिन्ही उत्तरं सारखीच चांगली आहेत आणि तुमच्या आवाजातही ती सारखीच वाटली पाहिजेत. मोडायचं ठरलं तर मोडायचं कामही मुलानेच करायचं: दोरे सोडवायचे, पुठ्ठ्याचे वापरण्याजोगे तुकडे वेगळे काढायचे, काठ्या डब्यात टाकायच्या. मोडताना मुलं जोड कुठे कच्चा होता ते बघतात, आणि पुष्कळदा त्यातूनच पुढची वस्तू सुरू होते. नाही झाली तर फळी रिकामी आहे, तिच्यावर उद्या दुसरं काहीतरी येईल.